दिवसाचा आरंभ सायंकाळीं

शास्त्रपाठ : उत्पत्ति १:१–५; मार्क १:३२–३५; प्रेषितांचीं कृत्यें २०:७–१२.

नवीन वर्षाच्या आरंभीं पुष्कळ जण असा निश्चय करितात कीं, उद्यांपासून पहांटे उठूं, प्रार्थना करूं, एक अध्याय वाचूं व मग कामास लागूं. दोनचार दिवस हा नेम चालतो व पुढें मोडतो. मग आपण सकाळच्या आळसास दोष देतों. परंतु तो दोष बहुधा आदल्या रात्रीचा असतो.

१. शास्त्रांतील क्रम. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत प्रत्येक दिवस मोजितांना संध्याकाळ आधीं व सकाळ मागून येते. यहूदी लोकांचा शब्बाथ आजही शुक्रवारीं सूर्यास्तास सुरू होतो. ह्या गणनेंत आम्हांस धडा आहे. दिवसाचा पहिला भाग विसाव्याचा. आधीं देवाचें देणें, मग आमचें करणें. प्रभु येशूनें कफर्णहूमांत सूर्यास्तानंतरही रोग्यांस बरें केलें, आणि तरी पहांटे अंधारांतच उठून तो एकांतीं प्रार्थनेस गेला. पण तोच प्रभु तारवांत उशीवर निजलाही होता. सेवेसाठीं जागणें निराळें आणि व्यर्थ जागणें निराळें.

२. वेस्लीचा अनुभव. मेथडिस्ट मंडळीचा संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) ह्यानें इफिसकरांस पत्र ५:१६ ह्या वचनावर झोंपेविषयीं एक उपदेश लिहिला. लवकर उठावयाचें असेल तर लवकर निजलें पाहिजे, व निजण्याची वेळ ठरवून ती पाळली पाहिजे, असें तो त्यांत बजावितो. उशिरां निजून लवकर उठूं म्हणणाऱ्याचा नेम टिकत नाहीं, हें त्यास ठाऊक होतें. निरोगी पुरुषास सहा तासांहून थोडी अधिक झोंप पुरे, असें मात्र तो समजत असे. आजचे वैद्य प्रौढ मनुष्यास निदान ७ तास, व ६ ते १२ वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास झोंप हवी, असें सांगतात. म्हणून वेस्लीचा क्रम घ्यावा; झोंपेचें माप वैद्यांचें घ्यावें.

३. शरीराचें घड्याळ. शरीरांत दिवसरात्रीचें घड्याळ कसें चालतें, ह्या शोधाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग ह्यांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें घड्याळ उजेडावर लागतें. रात्रीं डोळ्यांवर तेजस्वी प्रकाश पडत राहिला, तर झोंपेची सूचना देणारें मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य उशिरां उत्पन्न होतें. म्हणून मोबाइल उशाशीं ठेवूं नये, दुसऱ्या खोलींत किंवा कोनाड्यांत ठेवावा.

४. आरंभ कसा करावा. पांच वाजतां उठणाऱ्यास दहाच्या आंत झोंप लागली पाहिजे. अर्थात् साडेनऊस अंथरुणावर जावें. आज अकरा वाजत असतील, तर दर आठवड्यास पाव तास अलीकडे यावें. सहा आठवड्यांत साडेनऊ गांठतील. ह्या एका नेमामागें दुसरे नेम आपोआप येतात. लवकर निजावयाचें म्हणून जेवण लवकर होतें. मुलें पेंगण्यापूर्वीं कौटुंबिक उपासना होते. सकाळीं रागाचे शब्द कमी होतात. शनिवारची रात्र संभाळली म्हणजे रविवारीं मंडळी वेळेवर जमते.

५. घरची माउली. सर्वांच्या मागून निजणारी व सर्वांच्या आधीं उठणारी घरांत बहुधा एकच असते. तिचीं भांडीं व पाणी उरलें असतां आपण प्रार्थना करून निजणें ही भक्ति नव्हे. पुरुषांनीं व मुलांनीं तें काम वांटून घ्यावें, म्हणजे सर्व घर एका वेळीं निजेल.

६. ज्यांस हें साधत नाहीं. शेतीची वीज रात्रीं येते म्हणून पिकास पाणी देणारा, उसाच्या गाड्या भरणारा, तान्ह्या लेंकराची आई, रोग्याची शुश्रूषा करणारा, ह्यांनीं मनास टोंचणी लावून घेऊं नये. त्यांनीं मिळेल तेव्हां दिवसा झोंप घ्यावी, व शेजाऱ्यांनीं ती मोडूं नये.

७. उपदेशकांस विनंती. त्रोवस येथें पौलाचें भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललें, तेव्हां युतुख नांवाचा तरुण झोंपेनें तिसऱ्या मजल्यावरून पडला. शास्त्र त्या तरुणास एकही दोषाचा शब्द लावीत नाहीं. पौलाच्या हातून देवानें त्यास उठविलें. परंतु आमच्या सभेंत दिवसभर राबलेला भाऊ पेंगूं लागला, तर त्यास रागें भरण्यापेक्षां सभा वेळेवर सुरू करून नऊच्या आंत संपवावी.

प्रियहो, दिवा मालविणें हेंही विश्वासाचें कृत्य आहे. आपण निजलों तरी जगाचा कारभार चालविणारा जागा आहे, असें त्यानें आपण कबूल करितों.

मननासाठीं प्रश्न : (१) काल रात्रीं मी कोणत्या कारणानें जागलों? (२) माझ्या घरीं सर्वांत शेवटीं कोण निजतें, व मी तिचें कोणतें काम उचलूं शकतों? (३) ह्या आठवड्यांत पाव तास अलीकडे येण्यासाठीं मी काय सोडीन?