पडद्यावरील पाठ आणि आपल्या चुका

संगणकाच्या पडद्यावर घडणाऱ्या गोष्टी रेकॉर्ड करून, त्यांसह बोलत एखादा विषय शिकविणारे व्हिडिओ आपल्यापैकीं पुष्कळ जण तयार करूं लागले आहेत. 'ओबीएस स्टुडिओ'सारखें विनामूल्य साधन त्यास पुरेसें होतें. परंतु जीभ जरा अडखळली कीं, बहुतेक जण रेकॉर्डिंग थांबवितात व मुळापासून पुन्हा आरंभ करितात. मग दहा मिनिटांच्या पाठास सारी संध्याकाळ पुरत नाहीं, आणि कित्येक चांगले पाठ अर्धेच टाकून दिले जातात. वस्तुतः या चुका तीन प्रकारच्या असून प्रत्येकीचा उपाय निराळा आहे.

पहिली चूक वाणीची. शब्द चुकला तर रेकॉर्डिंग थांबवूं नये. क्षणभर स्तब्ध राहावें, एक टाळी वाजवावी, माउसचा बाण पूर्वीच्या जागीं आणावा आणि तें वाक्य आरंभापासून पुन्हा म्हणावें. अर्ध्या वाक्यापासून म्हटल्यास सांधा कानास खटकतो. टाळीमुळें ध्वनीच्या आलेखांत उंच सुळका उमटतो. त्यावरून चुकलेला भाग शोधून मागाहून कापणें सोपें जातें.

दुसरी चूक कृतीची. समजा, दहा मुलांच्या गुणांची बेरीज दाखवितांना आपण नऊच चौकटी निवडल्या व उत्तर कमी आलें. ही चूक अवश्य राहूं द्यावी. ती कशी ओळखली व कशी सुधारली, हें मोठ्यानें सांगावें. पाहणाऱ्याच्या हातून उद्यां तीच चूक होण्याचा संभव आहे, आणि त्या वेळीं त्याच्याजवळ शिक्षक नसेल.

तिसरी चूक सत्याची. चुकीचें सूत्र वा चुकीचा आंकडा सांगितला गेला, तर तो भाग पुन्हा रेकॉर्ड केलाच पाहिजे. यूट्यूबवर प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओचा कांहीं भाग कापतां येतो. परंतु त्याच पत्त्यावर सुधारलेला नवा व्हिडिओ बसवितां येत नाहीं. म्हणून प्रसिद्धीपूर्वीं पाठ एकदां संपूर्ण पाहावा. आपला पासवर्ड किंवा कोणाचा खाजगी निरोप पडद्यावर दिसला नाहीं ना, हेंही त्याच वेळीं तपासावें. पुढें चूक आढळलीच, तर वर्णनांत ती स्पष्टपणें कबूल करून सुधारलेला पाठ नव्यानें द्यावा.

सारांश, वाणीची चूक कापावी, कृतीची दाखवावी व सत्याची सुधारावी. इतका विवेक ज्यास साधला, त्यास निर्दोष दिसण्याची चिंता उरत नाहीं. ऐकणाऱ्यास खरें तें समजलें कीं नाहीं, एवढीच चिंता उरते. शिकविणाऱ्यानें वाहावयाची चिंता तीच होय.