तान्ह्या रुग्णाचे आईबाप

मोठा मनुष्य आजारी पडला म्हणजे आपले दुखणे तोंडाने सांगतो. तान्हे मूल केवळ रडते. त्या तान्ह्यावर शस्त्रक्रिया करावी लागेल असे कळले, की आईबापांचा धीर सुटतो. आता सर्व काही डॉक्टरांच्या व देवाच्या हाती, आपण काय करणार, असे त्यांना वाटू लागते. परंतु शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर अशी काही कामे असतात, की ती आईबापांवाचून इतरांस नीट साधत नाहीत. त्यांचा येथे क्रमाने विचार करू.

पहिले काम सान्निध्याचे. एके काळी इंग्लंडातील इस्पितळांत आईबापांना मुलाजवळ फार वेळ थांबू देत नसत. ते आले की मूल रडते, तेव्हा ते न आलेलेच बरे, असा समज होता. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात आईवाचून राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट काढला. गप्प बसलेले मूल आतून किती खचलेले असते, हे त्यावरून लोकांस दिसले. पुढे १९५९ मध्ये तेथील प्लॅट समितीने आईबापांस मुलाला केव्हाही भेटू द्यावे, अशी शिफारस केली. अतिदक्षता विभागात सदैव बसता येत नाही हे खरे. तथापि जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात हात स्वच्छ धुऊन, परिचारिकेस विचारून, बाळाच्या अंगावर हात ठेवावा व नेहमीच्या आवाजात त्याच्याशी बोलावे.

दुसरे काम बाळाला उपाशी ठेवण्याचे, आणि हेच सर्वांत कठीण. भूल दिल्यावर पोटातील दूध उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून साधारणतः वरचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास व पाणी २ तास आधी बंद करतात. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ हीच प्रमाण मानावी. बाळ भुकेने टाहो फोडते, आजीचा जीव कळवळतो, आणि कोणीतरी चमचाभर दूध, मध, गुटी किंवा देवाचे तीर्थ त्याच्या ओठांना लावते. असे कदापि करू नये. पुजाऱ्याच्या घरात वाढलेला मी हे मुद्दाम सांगतो: तीर्थ आईने घ्यावे, अंगारा आईने लावावा, बाळाच्या मुखात काहीही घालू नये. कोणी काही दिलेच असेल तर ते न लपवता तत्काळ सांगावे. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते.

बाळाला अंगावर पिता येत नसेल, तेव्हा आईने डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध काढीत राहावे, म्हणजे ते आटत नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी काढली, ती या दुधाचे मोल ओळखूनच.

इतक्या लहान जिवाला वेदना सोसतील काय, हा प्रश्न प्रत्येक आईला छळतो. पूर्वी नवजात बालकास वेदना फारशा कळत नाहीत असे समजून पुष्कळदा अपुरी भूल देत. डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, वेदनाशामक औषध नीट दिलेली बालके शस्त्रक्रिया अधिक चांगली सोसतात, असे आढळले. तेव्हा वेदनेवर कोणती योजना केली आहे, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे.

आपल्या बेळगाव-शहापूर भागात आणखी एक अडचण येते. संमतिपत्र पुष्कळदा कन्नड किंवा इंग्रजीत असते, आणि घरची भाषा मराठी. न समजता सही करू नये. मराठीत सांगा, अशी विनंती करण्यात कमीपणा नाही. खर्चाची चिंता असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या या योजनेत जन्मजात हृदयविकार, दुभंगलेले ओठ इत्यादी व्यंगांवरील उपचारांची सोय आहे.

शेवटी, आईबापांनी आळीपाळीने जेवावे व झोपावे. बाळंतिणीचे शरीर अजून भरून आलेले नसते. तिच्या विश्रांतीची काळजी पित्याने व घरच्यांनी वाहावी. देवाजवळ मागणे मागावेच. त्याबरोबर ही कामेही नीट पार पाडावीत.