पाल्कच्या उपसागरातील समुद्रगाय

तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शरभोजीराजांनी १८१४ साली नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून उभारलेला ‘मनोरा’ आहे. त्याच्यासमोर पाल्कचा उथळ उपसागर पसरला आहे. या पाण्याखाली गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर चरणारा एक सस्तन प्राणीही आहे, हे अनेकांस ठाऊक नसते. हा प्राणी म्हणजे ड्यूगाँग, अर्थात समुद्रगाय. तामिळ कोळी तिला ‘कडल पसु’ म्हणतात, अर्थ तोच. वस्तुतः तिचे दूरचे नाते गाईशी नसून हत्तीशी आहे.

समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्यास मुळे असतात, फुलेही येतात, आणि सूर्यप्रकाशावाचून ते जगत नाही. म्हणून ते उथळ व निवळ पाण्यातच वाढते. समुद्रगाय दिवसाकाठी तीस-चाळीस किलो गवत मुळांसकट उपटून खाते. तिच्या मागे तळाच्या वाळूत नांगराच्या तासासारखी रेघ उमटते.

तिची वीण फार मंद असते. गर्भ तेरा-चौदा महिने वाढतो व बहुधा एकच पिलू होते. मादीचे स्तन पुढील वल्ह्यांच्या बगलेत असतात. पिलू वर्ष-दीड वर्ष आईचे दूध पिते, तरी जन्मानंतर थोड्याच दिवसांत गवतही तोंडी लावू लागते. दोन वेतांमध्ये तीन ते सात वर्षे जातात. चारा घटला तर मादी वीणच लांबणीवर टाकते. ऑस्ट्रेलियातील हर्वी उपसागरात १९९२ साली पूर व वादळ यांमुळे सुमारे हजार चौरस किलोमीटर गवत नष्ट झाले, तेव्हा कित्येक समुद्रगाई उपासमारीने मेल्या आणि पिलांची संख्याही एकदम खालावली.

उत्तर ध्रुवाकडील पांढऱ्या अस्वलाचे दुःख याच जातीचे आहे. समुद्रावरील बर्फ हीच त्याची सील पकडण्याची जागा. बर्फ लवकर वितळला की मादीच्या अंगी पुरेशी चरबी साठत नाही, आणि बिळात जन्मलेल्या पिलांना दूध कमी पडते. एकीचे कुरण गढुळते, दुसरीचे विरघळते.

भारतात आज समुद्रगाई फार थोड्या, सुमारे दोनशे-अडीचशेच, उरल्या आहेत असा अंदाज आहे. तळ खरवडणारी जाळी गवत उपटतात व चिखल ढवळतात. शिवाय समुद्रगाईस श्वासासाठी दर काही मिनिटांनी वर यावे लागते. जाळ्यात अडकली की ती गुदमरून मरते. सप्टेंबर २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने तंजावर व पुदुक्कोट्टै जिल्ह्यांलगतच्या ४४८ चौरस किलोमीटर समुद्रात भारतातील पहिले समुद्रगाय संवर्धनक्षेत्र घोषित केले. परंतु भर समुद्रात पहारा कोण ठेवणार? प्रत्यक्ष भिस्त कोळ्यांवरच आहे. अडकलेली समुद्रगाय सोडविण्यासाठी त्यांस पुष्कळदा स्वतःचे महागडे जाळे कापावे लागते. अशा कोळ्यांस वनखात्याकडून बक्षीस दिले जाते, आणि या किनाऱ्यावर जाळे कापून तिला पुन्हा पाण्यात सोडून दिल्याच्या घटना घडल्या आहेत.