पाखरं मोजायला जाताय? आधी हा धडा वाचा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी पक्षी अभ्यासात मदतनीस म्हणून जाण्याबद्दल सांगत होते. एक काकू पटकन म्हणाल्या, "अगं, पाखरं मोजून कुणाच्या चुलीवर भात शिजतो?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न खरा आहे. म्हणून या वेळचा धडा त्यावरच.

आपल्याच किनाऱ्यावरची गोष्ट

अलिबागजवळचं किहीम तुम्हाला माहीत आहे. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली १९३० साली परदेशात शिकून परत आले, तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. ते किहीमला राहायला आले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची घरटी होती. त्यांनी उंच शिडीवर आडोसा केला आणि पावसाळ्यात तिथे बसून रोज काय घडतं ते बघितलं, लिहून ठेवलं.

काय दिसलं? आपण कामसू बाईला सुगरण म्हणतो, पण घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं की तो ते पूर्ण करतो. ती अंडी घालून उबवायला बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! हा अभ्यास १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

अशी घरटी आपल्याकडे कुणी बघितली नाहीत? पण बघितलेलं रोजच्या रोज लिहिलं, म्हणून तो अभ्यास झाला.

मदतनीसाला काय करावं लागतं?

पहाटे उठायचं, ठरलेल्या वाटेने हळू चालायचं, पक्षी ओळखायचे, मोजायचे आणि लिहायचे. बोलायचं कमी. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते, त्यात खाडी आणि तलावांवरचे पक्षी स्वयंसेवक मोजतात. ओहोटीला कालवं काढायला जाणाऱ्या बाईला कुरव आणि बगळे कधी, कुठे उतरतात हे आधीच ठाऊक असतं. ते कुठल्या पदवीत शिकवत नाहीत. माझ्याही नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. पक्षी पकडायचे नाहीत, घरट्याला हात लावायचा नाही. पायात क्रमांकाची कडी घालण्यासाठी पक्षी पकडतात, पण ते प्रशिक्षित माणसं वनविभागाच्या परवानगीनेच करतात.

माझी चूक

मी पहिल्यांदा गेले तेव्हा 'किती' या रकान्यात 'खूप' असं लिहिलं. कागद परत आला. वाईट वाटलं, पण बरोबरच होतं. गटाच्या वहीत "या महिन्यात बरीच बचत जमली" असं लिहिलेलं आपण चालवून घेऊ का? इथेही तसंच. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या आणि तो काय करत होता, एवढं लिहा. नाव येत नसेल तर "ओळखता आला नाही" लिहा. एकही दिसला नाही तर शून्य लिहा. पुढे पक्षी कमी झाले की वाढले, हे त्या शून्यावरूनही कळतं.

हो म्हणण्याआधी विचारा

बाईचं काम फुकट धरायची सवय सगळ्यांनाच आहे. म्हणून न लाजता विचारा:

१. किती दिवस आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?
२. गाडीभाडं आणि जेवण कोण देणार?
३. सोबत दुसरी बाई असेल का? शौचालयाची सोय आहे का?
४. साप चावला, कुणी पडलं, तर जबाबदारी कोणाची?
५. याच कामाचे कुणाला पैसे मिळतात का? मग आम्हाला का नाही?
६. अहवालात आमची नावं येतील का?

उत्तरं गटाच्या इतिवृत्तात लिहून घ्या. भाताची लावणी-कापणी किंवा मजुरी बुडत असेल तर सरळ नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही.

मग मिळतं काय?

काकू, खरं सांगते, लगेच पैसा नाही. पण आसामात डॉ. पूर्णिमा देवी बर्मन यांच्यासोबत गावच्या बायकांनी हरगिला नावाचा मोठा करकोचा वाचवायचं काम हाती घेतलं. त्याच बायका आता त्या पक्ष्याची नक्षी कापडावर विणून विकतात. आपल्या म्हसळा तालुक्यात चिरगावला सिस्केप संस्था गावकऱ्यांना सोबत घेऊन गिधाडं राखते. आपल्या खाडीत भराव पडला, तर आधी इथे काय होतं हे सांगायला तुमची वही असेल. नुसत्या तोंडी सांगण्यापेक्षा लिहिलेल्याला वजन असतं.

पुढच्या बैठकीआधी करा

प्रत्येकीने एक ठिकाण ठरवा: विहीर, बांध, खाडी, नाहीतर परसातलं झाड. सात दिवस, रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं बघा आणि लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगून लिहून घ्या. बैठकीत वह्या एकमेकींना वाचून दाखवा. काकू, तुमची वही मी पहिली बघणार आहे!

तुमची,
क्षेत्र समन्वयक