बाथरूमचं माप माणसावरून घ्यावं

अर्धांगवायू झालेल्या किंवा मणक्याला मार बसलेल्या माणसाला घरी आणायचं ठरलं की नातेवाईक पलंग भाड्याने आणतात, हवेची गादी मागवतात, दिवसरात्रीच्या बाईची सोय बघतात. बाथरूमकडे सहसा कोणी बघत नाही. बघितलंच तर ठेकेदाराला सांगून ‘अपंगांचा सेट’ बसवून घेतात. आमच्याकडे हा दुसरा प्रकार झाला. ह्यांची उजवी बाजू गेली आणि हे हॉस्पिटलमध्ये होते तेवढ्यात आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमधलं बाथरूम नवं करून मिळालं. पांढऱ्या चकचकीत टाइल्स, उंच कमोड, भिंतीवर स्टीलचे दांडे. बघणारे म्हणाले, छान सोय झाली. थोड्याच दिवसांत, उठताना जोर दिल्यावर, त्यातला एक दांडा भिंतीतून निखळून ह्यांच्या हातात आला.

धप्प आवाज ऐकून मी धावले. दार आत उघडणारं, आणि हे नेमके दार आणि कमोड यांच्यामध्ये पडलेले. लुळा पाय दाराला आतून टेकला होता. तो त्यांना हलवता येईना आणि दार जोरात लोटावं तर तोच पाय चेमटायचा. चार बोटांच्या फटीतून मी त्यांच्याशी बोलत राहिले. शेजारच्या मुलाने फटीतून हात घालून त्यांचा गुडघा हळूहळू बाजूला सारला, तेव्हा कुठे आत शिरता आलं. हाड मोडलं नाही. पण भीती अशी बसली की बाथरूमला जायला लागू नये म्हणून हे पाणीच कमी पिऊ लागले आणि त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग ओढवला. पडण्याचा त्रास पडल्यावर संपत नाही, हे घरातल्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावं.

तो निखळलेला दांडा मी नीट पाहिला. स्क्रू जेमतेम दीड इंचाचे, त्यांवर प्लास्टिकचे फिशर आणि फिशरला चिकटलेली पांढरट भुकटी. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात. मिस्त्री त्याला सिपोरेक्स म्हणतात. टॉवेल वाळत घालायला असे स्क्रू चालतात. माणसाचं वजन, तेही झटक्याने आलेलं, त्यांना पेलत नाही. ब्लॉकच्या भिंतीत दांडा बसवायचा तर केमिकल अँकर हवा, नाहीतर आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावावी. टाइल्स अजून बसायच्या असतील तर तेवढा भाग आधीच फोडून काँक्रीटने भरून घेतलेला सर्वांत बरा. दांडा साधारण दीड इंच जाडीचा, मुठीत पुरता येणारा असावा आणि भिंतीपासून दीड-दोन इंचच सुटा असावा. जास्त सुटा असला तर हात घसरून मध्ये अडकतो.

पण मजबूत दांडा चुकीच्या बाजूला असला तर त्याचा काय उपयोग? आमचा दांडा होता उजव्या भिंतीला, कारण भिंत तिथेच होती. जेट स्प्रेही उजवीकडेच. ह्यांचा चालणारा हात डावा! हे आम्हाला दाखवलं एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी. त्या टेप घेऊन आल्या आणि बाथरूमकडे न जाता त्यांनी ह्यांना पलंगाच्या कडेवर बसवलं, गुडघ्यामागून टाचेपर्यंत माप घेतलं आणि डाव्या हाताने उठायला सांगून हात कुठे जातो तिथे खडूने खूण केली. मग बाथरूम पाहिलं. कमोड ह्यांच्या मापाला उंच होता, टाचा टेकत नव्हत्या, म्हणून उठताना सगळा भार हातावर येत होता. दुकानातला सेट कोणाच्या तरी सरासरी उंचीचा असतो. आपल्या माणसाचे तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत.

डावीकडे भिंतच नव्हती, म्हणून तिथे जमिनीत पक्का केलेला, वर-खाली होणारा दांडा घेतला. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी मला कधी सुचली नसती: आत जाताना डावीकडे असलेला आधार बाहेर येताना उजवीकडे जातो. एकच हात चालत असेल तर दाराच्या दोन्ही बाजूंना दांडा लागतो. ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण आपल्याकडे कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत सुरू केलं. इतक्या वर्षांनंतरही घरी बाथरूम करताना या मंडळींना बोलवायचं कोणाच्या मनात येत नाही याची मला फार खंत वाटते. तोडफोडीच्या आधी त्यांना बोलवा.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. आतली कडी काढून बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल अशी कळ लावा, म्हणजे माणसाला दार लावून एकट्याने बसता येतं. ह्यांना त्याचंच सर्वांत मोठं सुख वाटलं. बिनतारी घंटेचं बटण हाताशी एक आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर एक, असं चिकटवा. पडलेल्या माणसाचा हात वरच्या बटणापर्यंत पोचत नाही.

फरशी ओली असताना पाय घट्ट राहील अशी खरबरीत घ्या. दुकानात टाइलवर पाणी ओतून, साबण लावून पायाने घासून बघा. सांधे जास्त म्हणून लहान टाइल्स बऱ्या. दिवाळीचं अभ्यंग आम्ही आता पलंगावर बसवून करतो आणि तळव्यांचं तेल पुसल्याशिवाय ह्यांना उठू देत नाही. पाण्याचीही काळजी घ्या. बधिर पायाला चटका कळत नाही. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि हात घालून बघायचं तो जाणीव असलेला.

चाकाची खुर्ची असेल तर गणित बदलतं. सुगम्यतेचे सरकारी निकष ९०० मिलिमीटरचं दार आणि खुर्ची वळवायला १५०० मिलिमीटरची मोकळी जागा सांगतात. आपल्या फ्लॅटमध्ये ते बहुतेक जमत नाही. अशा वेळी चाकांची कमोड खुर्ची घ्यावी, जी अरुंद दारातून जाऊन थेट भांड्यावर बसते. तिचं माप घेताना ढकलणाऱ्याच्या हाताच्या पेरांनाही जागा धरा. तिच्यासाठी उंबरठ्याचा दगड मात्र काढावाच लागतो. तो काढला की पाणी बाहेर येतं, म्हणून दारातच जाळीची पन्हळ करून फरशीचा उतार तिकडे घ्यावा. वॉटरप्रूफिंग नीट झालं नाही तर खालच्या मजल्यावर गळती होते, म्हणून सोसायटीला आधी लेखी कळवा.

कमी दिसणारं कोणी घरात असेल तर सगळं पांढरं करू नका. कमोड आणि भिंत वेगळ्या रंगाची हवी.

मिस्त्रीचे शेवटचे पैसे देण्याआधी प्रत्येक दांड्याला घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने दोन्ही हातांनी धरून ओढून बघावं, मिस्त्रीच्या समोर.