बंद केलेला आवाज परत आणताना

लिनक्सच्या हलक्या डेस्कटॉपवर, म्हणजे एलएक्सडीईसारख्या किंवा नुसत्या ओपनबॉक्सवर उभारलेल्या आणि जुन्या यंत्रालाही पेलणाऱ्या मांडणीत, आवाजाची बटणे आपोआप चालतीलच असे नसते. कारण मोठ्या डेस्कटॉपमध्ये बटण दाबल्याची दखल घेऊन आवाज बदलणारा प्रोग्राम पडद्याआड सतत चालू असतो, आणि हलकेपणासाठी अनेकदा नेमका तोच वगळलेला असतो. मग ही सांगड वापरणाऱ्याला स्वतःच ओपनबॉक्सच्या, म्हणजे खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलमध्ये लिहावी लागते.

नागझिरा अभयारण्याच्या कडेला वसलेल्या चोरखमारा या गावात रात्री इतकी सामसूम असते की लॅपटॉपचा लहानसा आवाजही शेजारच्या घरी पोचतो, आणि म्हणूनच तेथील एका जुन्या लॅपटॉपवर ही बटणे चालती करणे निकडीचे ठरले. पहिली चूक फाइलच्या निवडीत झाली. नुसता ओपनबॉक्स 'आरसी' नावाची एक्सएमएल फाइल वाचतो, तर एलएक्सडीई त्याच फोल्डरमधील 'एलएक्सडीई-आरसी' वाचते. त्यामुळे पहिल्या फाइलीत केलेले सारे लिखाण अचूक असूनही निरुपयोगी ठरले. बटणाची खूण संगणकापर्यंत पोचते की नाही, हे 'एक्सईव्ही' या तपासनिसाने आधीच पाहून घ्यावे: मूक, कमी आणि जास्त या बटणांचे क्रमांक बहुधा १२१, १२२ आणि १२३ असे उमटतात.

दुसरी चूक अधिक फसवी होती. आवाज बंद-चालू करण्याचे काम 'एमिक्सर' या आज्ञेकडे सोपवले गेले, आणि ती आज्ञा थेट अल्साशी, म्हणजे ध्वनिपत्र चालवणाऱ्या सर्वांत खालच्या थराशी, बोलते. वरच्या थरातील पल्सऑडिओने मुख्य मार्ग मूक झालेला पाहून स्पीकर आणि हेडफोनचे मार्गही मिटवले. बटण पुन्हा दाबल्यावर मात्र मुख्य मार्ग तेवढा उघडला. पट्टी चढत होती, पण आवाज नव्हता, आणि स्पीकरच बिघडला असावा अशी समजूत होऊन बराच वेळ वाया गेला. 'अल्सामिक्सर' उघडून एफ६ ने खरे ध्वनिपत्र निवडले तेव्हाच स्पीकरच्या स्तंभाखाली 'एमएम' ही मूकतेची खूण दिसली, आणि एम दाबताच आवाज आला.

यास्तव तिन्ही बटणांसाठी पल्सऑडिओशीच बोलणारी 'पीएसीटीएल' ही एकच आज्ञा वापरावी. पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर असलेल्या यंत्रांवरही, त्यातील पल्सची सुसंगत सेवा चालू असल्यास, ती चालते. मात्र ती आवाज १०० टक्क्यांच्याही पुढे नेते आणि लहान स्पीकर फाटल्यासारखे वाजू लागतात, हे लक्षात ठेवून पायरी ५ टक्क्यांचीच ठेवावी. फाइल बदलण्यापूर्वी तिची प्रत काढावी, कारण एक कंस निसटला तरी ओपनबॉक्सला ती नीट वाचता येत नाही. बदलानंतर ओपनबॉक्सला फाइल पुन्हा वाचायला लावून मूक बटण दोनदा दाबावे, एकदा हेडफोन लावून आणि एकदा काढून.