मोड आले की ताकद दुप्पट?

प्रश्न : आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मुलगा हल्ली जिमला जातो आणि ‘आपल्या ताटात प्रोटीनच नसतं’ म्हणून रोज कुरकुरतो. सासूबाई त्याच्यापुढे मटकीची उसळ ठेवतात आणि ठणकावून सांगतात, मोड आले की कडधान्याची ताकद दुप्पट होते. खरं कोणाचं? आणि दुप्पट होत असेल तर ती येते कुठून? आपण तर नुसतं पाणी घालतो!
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच निम्मं उत्तर आहे. प्रथिनं तयार व्हायला नायट्रोजन लागतो. फडक्यात बांधलेल्या मटकीला मिळतं पाणी आणि हवा. पाण्यात नायट्रोजन नाही, आणि हवेतला तिला थेट घेता येत नाही. शेतात मुळांच्या गाठींमधले जिवाणू तिच्यासाठी ते काम करतात, तुमच्या ओट्यावर ते करणारं कुणी नसतं. त्यामुळे १०० ग्रॅम कोरड्या मटकीत जी साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढीच मोड आल्यावरही राहतात. फक्त मटकी फुगून अडीचपट झालेली असते, म्हणून वाटीमागे हिशेब केला तर ती उलट कमी भरतात. मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ खाल्ली तर पोटात जातात ९ ग्रॅमच्या आसपास.

पण सासूबाईंना इतक्यात हरवू नका. त्या फडक्यात दुसरंच काही घडत असतं. बी जागं झालं की आपला साठा स्वतःच फोडायला लागतं. पोटात गॅस धरणाऱ्या साखरा कमी होतात. लोह आणि जस्त अडवून ठेवणारं फायटिक आम्ल घटतं. आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं ‘क’ जीवनसत्त्व नव्याने तयार होतं.

या शेवटच्या गोष्टीमागे एक लढाई आहे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, इराकमधल्या कूट गावात इंग्रजांची सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी मिळेना. घोडे मारून खायची वेळ आली, तेव्हा हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस नाकारलं. त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, यात हिरड्या सुजतात आणि रक्त येतं. इकडे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघी सैन्याच्या शिध्याचाच अभ्यास करत होत्या. गिनीपिगवर प्रयोग करून त्यांनी दाखवून दिलं, की कोरड्या कडधान्याने स्कर्व्ही टळत नाही, पण तेच भिजवून मोड आणले की टळतो. ‘क’ जीवनसत्त्व वेगळं काढायला तेव्हा अजून बरीच वर्षं होती. त्या शिपायांच्या घरी मात्र मोड कसे आणायचे हे कुणाला शिकवावं लागलं नसतं!

शिजवताना हे जीवनसत्त्व बरंचसं जातं. म्हणून उसळीवर वरून लिंबू पिळा. चव तर वाढतेच, शिवाय कडधान्यातलं लोह अंगी लागायला त्या आंबटपणाची मोठी मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतलात तर ती मदत फुकट जाते, कारण चहातली द्रव्यं लोहाला धरून बसतात. तासभर थांबा. कच्चे मोड खाण्याची सध्या फॅशन आहे, ती मला पटत नाही. दमट, कोमट फडकं मटकीला जितकं आवडतं तितकंच नको त्या जंतूंनाही. निदान एक वाफ काढाच.

आता चिरंजीव. ‘भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदे’च्या हिशेबाने ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात, वजनं उचलणाऱ्याला त्याहून जास्त. ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर उसळ, घट्ट वरण-भात, मूठभर शेंगदाणे आणि दूध-दही मिळून अर्धा लिटर, एवढं दिवसभरात झालं की हा आकडा गाठला जातो. भाकरीत लायसिन कमी पडतं, ते कडधान्य भरून काढतं, आणि कडधान्यात मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळतं. पिठलं-भाकरी, वरण-भात, थालीपिठाची भाजणी, आमटीत कुस्करलेली चपाती, या जोड्या अशाच नाहीत जमल्या.

मात्र मुलाची तक्रार अगदीच खोटी नाही. सकाळी पोहे, दुपारी बटाट्याची भाजी-पोळी, रात्री तळ दिसेल असं पातळ वरण आणि भाताचा डोंगर, असं ताट शाकाहारी असतं, पण त्याला पौष्टिक कसं म्हणावं? साबुदाण्यात तर प्रथिनं नावालाही नसतात. खिचडीची अब्रू राखतं ते शेंगदाण्याचं कूट. मांस न खाल्ल्याने आपोआप फायदा होतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. फायदा होतो तो कडधान्यं, भाज्या, फळं पोटात गेल्याने, आणि तो खरा आहे. बरं, त्यासाठी रोज मटकीच हवी असं कुठे आहे? कोकणातले कुळीथ, वालाच्या बिरड्या, अख्खा मसूर, चवळी, पावटे आलटूनपालटून केले तर मुलगा जेवणावर नाक मुरडणार नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच उसळीत नाही : बी-१२. ते जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत पोचतं ते दूध, अंडी, मांस-मासळीतून. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश जणांत ते कमी निघालं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. गरज दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. पण चहात घातलेल्या दोन चमचे दुधाने ती भागत नाही. हातापायांना मुंग्या येत असतील, सारखा थकवा वाटत असेल, तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांनी सांगितली तर गोळी घ्या. घरात दूध न घेणारं कुणी असेल, तर त्याने लक्षणांची वाटच पाहू नये.

मुलाच्या जिममधल्या प्रोटीन पावडरीचं म्हणाल, तर ‘व्हे’ म्हणजे पनीर करताना खाली उरणाऱ्या पाण्यातलीच प्रथिनं. परवडत असेल तर घेऊ द्या त्याला, पण उसळीच्या जागी नको.